खारबेटाची नोंदणी

पाणी तापल्यामुळे बोंबील उत्तरेला निघून गेले, म्हणून मार्च महिन्यात खारबेटाने नांगर उचलला आणि तेही त्यांच्या मागे निघालं.

निर्णय ग्रामसभेत रीतसर झाला. दोन वर्षं जाळ्यात नुसते जेलीफिश येत होते आणि बोंबील सुकवायच्या बांबूंवर लोक चादरी वाळत घालत होते. ठरावाच्या विरोधात एकच हात वर झाला, चांगुणा वैतीचा. तिची लेक रेवती समोरच्या किनाऱ्यावर, वाकेशीला दिलेली. ती लांब राहील, एवढाच चांगुणाचा मुद्दा होता. तो इतिवृत्तात लिहून घेतला गेला.

चाळीस होड्यांनी बेट ओढलं. देवळाला बांधलेला दोर दोनदा सुटला, मग तो शाळेच्या खांबांना बांधला. आठ दिवसांत बेट बोंबलांच्या मधोमध पोचलं. बांबू पुन्हा भरले, वास सुटला, माणसं पोटभर जेवू लागली. चांगुणाही सकाळभर बोंबील टांगायची; दुपारी मात्र दक्षिणेकडे तोंड करून बसायची.

नवव्या दिवशी लाँचने तलाठी सपकाळ आले. बेटाने वाटेत दोन तालुके आणि एक जिल्हा बदलला होता, पण त्याबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं. अडचण वेगळी होती.

"बेट ही स्थावर मालमत्ता आहे," ते म्हणाले. "हललं की ते कायद्याने बेट राहत नाही, होडी होते. नोंदणी करून घ्या."

शाळेच्या भिंतीवर नंबर रंगवला. सहाशे बारा माणसांना लाइफ जॅकेट आली. शेळ्यांचं काय करायचं यावर बराच वेळ गेला. शेवटी सपकाळांनी त्या सामानात दाखवल्या. राहिला तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख. बेटावरचे सगळे पुरुष आपापल्या होड्यांवर तांडेल किंवा खलाशी म्हणून नोंदलेले होते आणि एका माणसाचं नाव दोन होड्यांवर चालत नव्हतं. बायकांमध्ये वल्ह्याला हात लावलेली एकटी चांगुणा. ती आधी नको म्हणाली. मग तिने सपकाळांना सगळे नियम वाचून दाखवायला सांगितले.

सतराव्या नियमाला तिने त्यांना थांबवलं. जून आणि जुलै मासेमारी बंद; त्या काळात प्रत्येक होडी आपल्या मूळ बंदरात उभी असली पाहिजे.

"मूळ बंदर कुठलं लिहू?" सपकाळांनी विचारलं.

"वाकेशी," चांगुणा म्हणाली आणि तिने सही केली.

एकतीस मेला बेट वाकेशीसमोर हजर झालं. दोन महिने रेवती रोज होडीने यायची. माणसं जाळी विणत बसायची. चांगुणाने नातीला गाठ मारायला शिकवलं. किनाऱ्यावरून वाकेशीकर हे सगळं बघत होते. त्यांच्याकडेही बोंबील येत नव्हते.

बंदी उठायच्या आदल्या दिवशी दोर बांधले जात असताना रेवती आपल्या सरपंचांना घेऊन आली. सरपंच बोलायला संकोचत होते, म्हणून तिनेच विचारलं, "आये, आख्ख्या गावाला किती दोर लागेल?"

चांगुणाने वाकेशीकडे नीट पाहिलं. घरं होती, नारळी होत्या, मागे डोंगर होता आणि डोंगराला लागून उरलेला महाराष्ट्र होता.

"दोर मी देते," ती म्हणाली. "तुम्ही आधी मागून सोडवून घ्या."

सकाळी वाकेशीची माणसं कुदळी आणि पहारी घेऊन डोंगराकडे गेली. सपकाळ फॉर्म घेऊन त्यांच्या पाठोपाठ चढत होते.