पितळी दातांचे आसन

सोमाजी गुरुजींच्या गाडीतील पुढचे डावे आसन बटण दाबताच घुर्र असा गंभीर आवाज करी आणि जागचे मात्र तसूभरही हलत नसे. गाडी जुनी होती, प्रशस्त होती, आणि गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यातले एक साहेब निवृत्त होऊन गावी जाताना ती गुरुजींच्या हवाली करून गेले होते. जन्मभर सावली गावच्या शाळेत लाकडी खुर्चीवर बसून संस्कृत शिकवलेल्या गुरुजींना, बटणावर पुढेमागे होणाऱ्या त्या आसनाविषयी इतका आदर वाटे की गाडीत शिरण्यापूर्वी ते चपला काढून ठेवीत. एकदा त्या मूल गावच्या रस्त्यावर तशाच राहून गेल्या. पण आदर कमी झाला नाही.

एरवी ते आसन असेच गुरगुरत राहिले असते तरी गुरुजींची काही तक्रार नव्हती. परंतु प्रसंग भाचीचा होता. त्यांची विधवा बहीण गुणाबाई, तिची एकुलती एक लेक दीपाली. दवाखान्यात परिचारिका असलेली ही मुलगी आणि गोंडपिपरीचा लोकेश यांची मने केव्हाच जुळली होती. अडले होते ते लोकेशच्या वडिलांपाशी, म्हणजे इसरूभाऊंपाशी. आणि इसरूभाऊ अडले होते एका खुर्चीपाशी.

गेल्या मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या वेळी गुणाबाईंनी त्यांना अगत्याने नाटकाला बोलावले होते. बसायला दिलेल्या खुर्चीचा एक पाय लंगडा निघाला. रंगमंचावरच्या राजाला सिंहासन मिळाले, त्याच क्षणी इसरूभाऊ धारातीर्थी पडले, आणि प्रेक्षकांच्या टाळ्याही नेमक्या तेव्हाच कडाडल्या. त्या टाळ्या राजासाठी होत्या, हे इसरूभाऊंना आजवर कोणी पटवून देऊ शकले नव्हते.

आता त्यांचा निरोप आला होता: "येतो अन् तोंडावर नाई म्हणून जातो." त्यांच्या सोयऱ्यांत रीतच तशी होती. नकार द्यायचा तो मुलीच्या दारी येऊन स्वमुखाने द्यायचा. मात्र त्या घरचे पाणीसुद्धा प्यायचे नाही. एकदा का त्या घरच्या ताटात हात घातला, की मग नकाराची वाट बंद.

"पाहुण्यांना मी आणतो," गुरुजी बहिणीला म्हणाले. "आसनावरून रुसलेल्या माणसाला आसनानेच प्रसन्न केले पाहिजे."

"दादा, तुमचं आसन त हालतच नाई!"

म्हणून गाडी अयूबभाईंच्या गॅरेजात गेली. अयूबभाईंनी आसन उपटून उलटे केले आणि झिजून गुळगुळीत झालेले चाक तळहातावर धरले.

"मोटार एकदम चांगली हाय, गुरुजी. या चाकांचे दात गेले. प्लास्टिकचे होते, म्हातारे झाले."

"दात गेले, पण गुरगुरणे गेले नाही," गुरुजी म्हणाले.

"माणसाचं बी असंच रायते जी," अयूबभाई म्हणाले. "टेन्शन घेऊ नका. चंद्रपूरच्या लेथवाल्याकडून पितळेचे करून आणतो."

तसे त्यांनी आणले आणि बसवले. बटण दाबताच आसन राजहंसासारखे पुढे गेले, मागे आले. गुरुजींनी नकळत हात जोडले.

"एक ध्यानात ठेवा," अयूबभाईंनी बजावले. "पहिले दात समोर काई अडलं का घसरून जात. हे नाई घसरत. अन् म्या ग्रीस लावलं हाय, वरून काईच टाकू नका."

गुरुजींनी मान डोलावली, ती मनापासूनच. पण दसऱ्याला विळ्या-कुऱ्हाडींना आणि वर्षभर स्वतःच्या गुडघ्यांना मोहाच्या बियांचे तेल लावणाऱ्या घरात, नवे पितळ कोरडे कसे ठेवावे? त्या दुपारी त्यांनी बटणाच्या फटीतून थोडे तेल सोडले. मग पाहुण्यांचा मान मोठा म्हणून आणखी थोडे. तेल रेशमासारखे उतरले. पौषातल्या थंडीत तेच तेल रात्रीतून तुपासारखे थिजते, हे ते विसरले. वास्तविक त्यांच्या गुडघ्यांसाठी त्यांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई रोज सकाळी ती बाटली चुलीशी धरून पातळ करीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी इसरूभाऊ गोंडपिपरीहून गाडीत बसले. उंच, रुंद, पोटाने समृद्ध असे गृहस्थ. त्यांनी प्रथम आसन हाताने दाबून, हलवून पाहिले, मगच त्यावर भार टाकला. थोड्या वेळाने ते सावकाश मागे रेलले.

"बरं हाय," ते म्हणाले, आणि लगेच सावरून, "पण सांगून ठेवतो गुरुजी, मी खाली उतरणार नाई. गाडीतूनच नाई म्हनन, अन् वापस."

"जशी आपली इच्छा, इसरूभाऊ."

गुणाबाईंच्या अंगणात मोहाच्या गर्द सावलीत गाडी थांबली. गुणाबाई पाय धुवायला पाणी घेऊन उभ्या होत्या. दाराआड दीपाली होती, आणि स्वयंपाकघरातून लाखोळीच्या डाळीच्या वड्यांचा वास येत होता. इसरूभाऊंनी काच खाली केली. रेलून बसल्या जागेवरून नकार काही जोरकस निघेना. ताठ होऊन जरा पुढे यावे म्हणून त्यांनी बाजूचे बटण दाबले.

"गुणाबाई, आयका. आमचा विचार असा हाय का..."

विचार पुढे जाण्याआधी इसरूभाऊच पुढे जाऊ लागले. बोट काढले, तरी थिजलेल्या तेलात बटण रुतून बसले होते. गुडघे डॅशबोर्डखाली शिरले, पोट त्याला टेकले. जुन्या दातांनी अशा वेळी लाजून माघार घेतली असती. पितळी दातांना असा संकोच ठाऊक नव्हता.

"थांबवा! ओ गुरुजी, थांबवा ना जी!"

आसन अगदी टोकाला पोहोचले, मोटार कण्हून गप्प झाली आणि इसरूभाऊ फणसातल्या गऱ्यासारखे घट्ट बसले. पोट आणि डॅशबोर्ड यांच्यामध्ये आता तळहातही गेला नसता.

शेजारचे वारलूभाऊ धावत आले आणि दार उघडून त्यांनी इसरूभाऊंना दंडाला धरून ओढायला सुरुवात केली.

"हळू ना बाप्पा! मी का मुळा हाय, उपटून राह्यला त?"

गुरुजींनी अयूबभाईंना फोन लावला.

"गुरुजी, खरं सांगा. वरून काई टाकलं का?"

"किंचित तेल."

"कोणतं?"

"मोहाच्या बियांचं. अगदी शुद्ध आहे हो."

"शुद्ध हाय म्हणूनच त गोठलं!" फोनमधून दीर्घ सुस्कारा आला. "आता जबरदस्ती करू नका. गाडी उन्हात लावा. तेल पिघळलं का बटण आपोआप सुटन."

इंजिन सुरू केले तर आसन आणखी पुढे जाईल या भीतीने गुरुजींनी नुसते सुकाणू धरले. वारलूभाऊ आणि निम्मी आळी मागून गाडी ढकलू लागली. आत ताठ बसलेले इसरूभाऊ, मागे हळूहळू चालणारी माणसे. पाहणाऱ्याला ती पालखीच वाटावी. रस्त्याने जाणाऱ्या एका म्हातारीने तर हातही जोडले. तसे इसरूभाऊंनी, काय करावे ते न सुचून, नमस्कार केला.

उन्हात गाडी उभी राहिली आणि वाट पाहणे सुरू झाले.

"घोटभर पाणी तरी घ्या," गुणाबाई म्हणाल्या.

"पाणी बी नाई. मले रीत ठाऊक हाय." मग न राहवून त्यांनीच विषय काढला. "तिथी लंगडी खुर्ची, इथी हे. तुमच्या घरी बसाचं म्हटलं का माहा अपमानच होते बाई!"

गुणाबाईंचे डोळे भरून आले. गुरुजींना वाटले, संपले. भाचीच्या सुखाच्या आड आपली तेलाची बाटली आली. तेवढ्यात दीपाली बाहेर आली. तिने उशी आणली होती. ती तिने इसरूभाऊंच्या कमरेमागे सरकवली.

"काकाजी, ती खुर्ची म्याच देल्ली होती," ती म्हणाली. "मंडपवाल्याच्या खुर्च्या पाहुण्यांनी भरून गेल्या होत्या. आमच्या घरी एकच खुर्ची. बाबा तिच्यावरच बसत. ते गेल्यावर तिच्यावर कोणी बसलं नाई, म्हणून तिचा पाय गेला हे कळलंच नाई आमाले. घरात होती ते सगळ्यात मानाची तुमाले देल्ली."

इसरूभाऊ बाजूच्या आरशातून मागे राहिलेल्या मोहाच्या झाडाकडे पाहत राहिले. ऊन चढले. गुरुजी मनातल्या मनात सूर्यनारायणाची आळवणी करीत होते, तोच गाडीतून एक क्षीण घुर्र ऐकू आले. पाहुण्यांच्या पोटातील अग्नी प्रदीप्त झाला, हे त्या अनुभवी कानांनी ताबडतोब ओळखले. पण अतिथीच्या पोटाचा उल्लेख करणे असभ्य, म्हणून ते गप्प राहिले.

इसरूभाऊ खाकरले. "गुणाबाई, ते वडे काऊन करपू देता जी? आणा इकडे."

गुणाबाई आत धावल्या. ताट आले आणि पोट व डॅशबोर्ड यांच्यामध्ये छान बसले. इतक्या अरुंद जागी ताट मावले, ही अन्नपूर्णा देवीचीच कृपा, असे मानून गुरुजींनी डोळे मिटले. इसरूभाऊंनी वड्याचा तुकडा मोडला, तोंडात घातला, आणि दाराशी उभ्या दीपालीला म्हणाले, "पोरी, लोकेशले फोन लाव. सांग, बाबा जेवून राह्यले."

घाईत तिने दोनदा भलत्यालाच फोन लावला. शेवटी वारलूभाऊंनी लावून दिला. गुणाबाई पदराने डोळे पुसत वाढत होत्या, इसरूभाऊ "बस, बस" म्हणत ताट पुढे करीत होते, आणि गुरुजी त्या सोहळ्याकडे पाहत सूर्याचे, पितळेचे, लेथवाल्याचे आणि अयूबभाईंचे मनोमन आभार मानत होते. तेलाचे आभार मानावेत की कसे, याचा मात्र निर्णय होत नव्हता.

ताट रिकामे झाल्यावर त्यांना जबाबदारीची आठवण झाली. ते वाकून म्हणाले, "इसरूभाऊ, फार कष्ट झाले आपल्याला. तेल आता पातळ झाले असेल. जरा बटण पाहू या का?"

इसरूभाऊंनी मिशीवरचा कण पुसला, बटणावर बोट ठेवले, आणि आसन घुर्र करीत मागे गेले, राजहंसासारखे. गुरुजींच्या कानांनी तो आवाज ओळखला. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू प्रकाश पडला.

"म्हणजे... मघाशी ते आपले पोट नव्हते?"

"पोट कायचं जी? बटण सुटलं का नाई, ते पाहून राह्यलो होतो. सुटलं होतं."

"वड्यांच्या आधीच? मग आपण बोलला का नाहीत?"

इसरूभाऊ पुन्हा उशीला रेलले. पाय लांब केले. एक समाधानाची ढेकर दिली.

"बोललो असतो त तुमी मले मानानं खाली उतरवलं असतं गुरुजी," ते म्हणाले, "अन् खुर्चीवर बसवलं असतं."