खाडी दिसल्याबिगर भाकरी नाही

आमच्या सुभेदारांचा एक कायदा होता. डोंगराच्या माथ्यावर समुद्राची खाडी दिसल्याशिवाय भाकरीचं फडकं सोडायचं नाही. सातारा जिल्ह्याला समुद्र नाही, हे मी चौथीच्या पोरांना नकाशावर छडी ठेवून शिकवत असे. पण रविवारी सुभेदारांपुढे भूगोलाचं काही चालत नसे.

सुभेदार म्हणजे पाटणच्या पश्चिमेला, आमच्या गावातले पेन्शनीत निघालेले गृहस्थ. पहिल्या लढाईत ते बसऱ्याला जाऊन आले होते. आता दुसरी चालू होती आणि तिच्यात आपल्याला कुणी बोलावलं नाही याचा राग ते डोंगरांवर काढत. मी मूळचा सांगलीचा. कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्यांपलीकडे आयुष्यात काही चढलेलो नव्हतो. बदलून आल्यावर पहिल्याच शनिवारी त्यांनी माझ्या दारात काठी आपटली.

"मास्तर, उद्या पाटंचं फालीन! पायताण बळकट घाला."

फालीन म्हणजे रांगेत उभं राहणं. रांगेत बाबालाल तांबोळी हा पानवाला, तालमीतले दोन धिप्पाड भाऊ आणि शेवटी मी. एवढीच आमची पल्टण.

तुम्ही म्हणाल, जात कशाला होता? भाकरीसाठीच. सुभेदारांच्या पत्नी, आम्हा सगळ्यांच्या काकी, माहेरच्या दाभोळ खाडीकाठच्या. तांदळाची मऊ भाकरी आणि कुंभार्ली घाट चढून आलेल्या सुकटीची चटणी असं गाठोडं त्या बांधून देत. बाबालाल म्हणायचा, "आवं मास्तर, ह्या चटणीपायी मी हिमालय चढंन."

माथ्यावर पोचलं की सुभेदार कपाळावर हात धरून पश्चिमेकडे बघत राहायचे. समोर धुकं. भुकेला बाबालाल ओरडायचा, "दिसली, दिसली!"

"कशी दिसती?"

"निळी!"

"निळं ते आभाळ. खाडी चांदीवानी दिसती. अबौट टर्न!"

मग उपाशीपोटी उतरायचं आणि उन्हं कलल्यावर पायथ्याशी जेवायचं. डोंगर एकामागून एक नापास होत होते. शिवाय चढताना वाटेतले धोंडे आमच्याकडून उचलून घ्यायचे, हेही होतंच. एकदा एका वळणावर थांबून त्यांनी मला विचारलं, "मास्तर, हितं खुर्ची वळंल का?" उन्हाचा परिणाम, असं मी मनात म्हटलं.

दिवाळी झाली, हवा स्वच्छ झाली आणि एका कातळमाथ्यावरून खरोखरच दिसली! क्षितिजाशी चांदीची बारीक पट्टी. माझा भूगोल तिथंच बुडाला. तालमीतले भाऊ नाचले, बाबालालने गाठोड्याला हात घातला. सुभेदारांनी खाडीकडे पाहिलं, मग मागे वळून चढून आलेल्या कातळाकडे पाहिलं.

"दिसती. पर ह्यो डोंगूर उपेगाचा न्हाई. नापास."

बाबालाल भडकला. "सुभेदार, खाडी दिसली न्हवं? कायदा म्हंजे कायदा!"

मलाही राहवलं नाही. "सुभेदार, तुम्हाला पाहिजे तरी काय?"

सुभेदार खाली बसले. आवाजातली परेड गेली.

"गुडगं गेल्यालं मानूस वर येईल असा डोंगूर पायजे, मास्तर. लग्नात सासऱ्याला सबूद दिलता, पोर दरसाल म्हायेरी आनीन. पल्टनीनं मला नेलं बसऱ्याला, अन् तिचं म्हायेर ऱ्हाऊन गेलं. आता तितं कुनी उरलं न्हाई, घर बी पडलं. चल म्हनलं, तर म्हंती, खाली उतरून कुनाच्या दारात हुबी ऱ्हाऊ? खरंय तिचं. पर मानसं गेली म्हून खाडी कुटं जातीया व्हय?"

बाबालालने गाठोड्यावरचा हात काढून घेतला.

पुढच्या रविवारपासून पल्टण न सांगता रांगेत उभी राहू लागली. शेवटी एक डोंगर सापडला, धनगरांच्या गुरांनी रुंद वाट पाडलेला. धोंडे आम्ही आपणहून उचलले. शाळेतली एकुलती एक खुर्ची मी आणली, तिला बांबू बांधले आणि काकींना तिच्यात बसवून वर निघालो. भाऊ पुढे, मी आणि बाबालाल मागे. काकी सगळ्या वाटेनं ओरडत होत्या, "आवं, उतरवा मला! लोक हसत्याल!" सुभेदार पुढून हुकूम देत होते, "खुर्ची सीधी! मास्तर, कदम!"

माथ्यावर पोचलो आणि समोर धुकं.

सुभेदारांच्या मिश्या खाली आल्या. ते येरझाऱ्या घालू लागले, पण काकींकडे बघेनात. धुक्याला त्यांनी एकदा "हटो!" असा हुकूमही देऊन पाहिला. आमच्या पोटात कावळे कोकलत होते, पण भाकरीचं नाव कुणी काढलं नाही.

"जरा दम धरा," काकीच म्हणाल्या. "वारं फिरंल."

आणि फिरलं! पडदा सरकावा तशी खाडी उघडी पडली, चांगली लखलखीत. आम्ही अशी आरोळी ठोकली की धनगराची गुरं उधळली. बाबालालने टोपी उडवली ती दरीतच गेली.

काकी ओरडल्या नाहीत. खुर्चीचे हात धरून त्या उठल्या आणि त्याच गुडघ्यांवर उभ्या राहिल्या.

"ह्या वक्ताला ओहटी लागली असंल," त्या हळूच म्हणाल्या. "आई कालवं काडाया निघाली असती."

सुभेदारांनी टाचा जुळवल्या आणि पश्चिमेकडे कडक सलाम ठोकला.

"कुणाला, सुभेदार?" मी विचारलं.

"सासऱ्याला. म्हनलं, उशीर झाला, पर आनली बगा."

काकींनी फडकं सोडलं. आम्हाला वाढलं, मग भाकरी सुभेदारांपुढे धरली. त्यांनी मान हलवली. डोळ्यांतून पाणी मिशांवर ओघळत होतं.

"मला न्हाई. मला खाडी दिसंना झालीया."

काकींनी पदरानं त्यांचे डोळे पुसले आणि भाकरी हातात कोंबली.

"मला दिसतीया न्हवं? मग तुमी खावा."

सुभेदारांनी आयुष्यात पहिल्यांदा कायदा मोडला.