डबा काही रिकामा येईना

सोमवारी सकाळी ऋग्वेदाने नवऱ्याला बजावून सांगितलं, "आजपासून चकल्या म्हणजे घरातली शोभेची वस्तू. मी बघेन, पण हात लावणार नाही."

"बरं," निमिष बुटाची नाडी बांधत म्हणाला. सिंगापुरात बुकित तिमाहहून चांगी बिझनेस पार्क गाठायचं म्हणजे बेटाचं दुसरं टोक. त्याला वाद घालायला वेळ नव्हता.

ऋग्वेदाचा निर्धार उगाच नव्हता. दुपारी घर शांत झालं, की फ्रीजच्या दाराआड उभ्या उभ्या तिचा हात आपोआप डब्यात जाई आणि बाहेर येईपर्यंत डब्याचा तळ दिसू लागे. तेही तिने चालवून घेतलं असतं. पण गेल्या आठवड्यात चार वर्षांची गार्गी फ्रीजच्या उघड्या दाराआड, भिंतीकडे तोंड करून, गपागप बिस्किटं खाताना सापडली.

"हे काय गं?"

"आय ईटिंग लाइक ममा, लाह," गार्गी शाळेत उचललेल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

 पोरीने आईचं नाक घेतलं नाही, गळा घेतला नाही, नेमकं हेच उचललं.

त्याच आठवड्यात ऋग्वेदाने इंटरनेटवरचा एक लेख वाचून काढला. एम. एस्सी.लाही काढल्या नसतील एवढ्या नोट्स काढल्या. उपाय पहिला: खावंसं वाटलं की दहा मिनिटं थांबा. ती थांबली, मोबाइलवर टायमर लावून, डबा मांडीवर घेऊन. टायमर वाजला तेव्हा तिला ती सरकारी परवानगीच वाटली. उपाय दुसरा: पाणी प्या. पाण्याबरोबर चकल्या आणखी सहज उतरल्या. उपाय तिसरा: पदार्थ नजरेआड ठेवा. निमिषने डबा लपवला आणि ऑफिसात पोचल्यावर मेसेज केला, "डबा मोठ्या सुटकेसमागे आहे. मी विसरेन, म्हणून तुला सांगून ठेवतो. बॅकअप."

शेवटी या सोमवारी दुपारी तिने डबाच घराबाहेर काढायचं ठरवलं. समोरच्या ब्लॉकमध्ये मधुमतीकाकू राहायच्या, लेकासुनेकडे.

"काकू, या चकल्या तुमच्याकडे असू देत." खरं कारण सांगायची तिला लाज वाटली.

"अगं, एवढ्या कशाला?" म्हणत काकूंनी डबा घेतला.

दुसऱ्या दिवशी डबा परत आला. आत ओल्या नारळाच्या वड्या.

"रिकामा डबा कसा देणार? आपल्यात पद्धत नाही तशी," काकू म्हणाल्या.

त्या दुपारी ऋग्वेदाने अकरा वड्या खाल्ल्या. बारावी निमिषसाठी ठेवली, म्हणजे चारपर्यंत ठेवली. मग पुण्याहून सासूबाईंनी चकल्यांबरोबर पाठवलेल्या शंकरपाळ्यांची भीती वाटायला लागली, म्हणून त्या डब्यात भरून काकूंकडे पोचवल्या. डबा शेव घेऊन परतला, आणि शेव मावली नाही म्हणून सोबत काकूंचा आणखी एक डबा. आता काकूंचा डबा रिकामा कसा परत करायचा? त्यात लाडू गेले. गुरुवारी त्यांच्या बदल्यात चिवडा आला, मोठ्या डब्यातून. अशी देवाणघेवाण वाढत शुक्रवारी ओट्यावर चार डबे होते आणि ऋग्वेदाने दिवाळीत खाल्लं नव्हतं तेवढं चार दिवसांत खाल्लं होतं.

"ममा, आपण शॉप ओपन केलं?" गार्गीने शाळेला निघताना विचारलं.

तिला सोडून ऋग्वेदा दोन डबे घेऊन तडक काकूंकडे गेली.

"काकू, रागावू नका. मी तुम्हाला खाऊ द्यायला येत नव्हते. समोर दिसलं की माझा हात थांबत नाही, म्हणून तुमच्याकडे लपवायला आणत होते."

काकूंनी आत वळून सून घरात नसल्याची खात्री केली. मग हळूच म्हणाल्या, "मला डॉक्टरांनी गोड बंद केलंय. वड्या थापल्या आणि राहवेना. म्हटलं, तरुण मुलगी आहे, संपवेल."

"आणि शेव?"

"शेव माझी सुनेने बंद केलीय."

दोघींनी एकदम डब्यांकडे पाहिलं. मग काकूंना हसू फुटलं, ते इतकं की त्यांना सोफ्यावर टेकावं लागलं.

"हे बघ," डोळे पुसत त्या म्हणाल्या, "उभ्याने चोरून खाल्लं की किती खाल्लं ते कळतच नाही. ताटलीत दोन घे, खुर्चीवर बस, चवीने खा. हात वळवळला तर मला फोन कर. माझा वळवळला की मी करेन."

त्या दुपारी ऋग्वेदा जेवणाच्या टेबलाशी बसली. ताटलीत काकूंनी परत दिलेल्यांपैकी दोन चकल्या. पहिली अर्धी झाली आणि तिच्या लक्षात आलं, सासूबाई चकलीत ओवा घालतात. इतकी वर्षं कळलंच नव्हतं.

झोपेतून उठून गार्गी आली आणि दारातच थबकली. टेबलाखाली वाकून पाहिलं, सोफ्यामागे पाहिलं.

"ममा, गेस्ट कुठे आहेत?"

"कुणी नाही. मीच आहे."

"देन व्हाय यू सिटिंग?"

 ऋग्वेदाने शेजारची खुर्ची ओढली आणि दुसऱ्या ताटलीत एक चकली वाढली. गार्गी पाहुण्यासारखी ताठ बसली, एकेक वेढा मोडून खाल्ला आणि तोंड पुसलं.

"अजून एक देऊ?"

"नो थँक यू, आंटी. पोट भरलं."

 आठवडाभराच्या फजितीचं सोनं झालं. तेवढ्यात गार्गीने डबा पुढे ओढला आणि एक चकली आईच्या ताटलीत ठेवली.

"आंटी, यू टेक. माझ्यासाठी. नाहीतर मला वाईट वाटेल."

दर पाहुण्याला ऋग्वेदा स्वतःच असा आग्रह करत आली होती, अगदी याच शब्दांत. आता कुठल्या तोंडाने नाही म्हणणार?

तिने तिसरी खाल्ली. चौथीही. पण बसून.