उत्तर दिशा उजवीकडे!

लॅपटॉपच्या बाबतीत आमच्या घरात शेवटचा शब्द माझा! सासऱ्यांच्या लॅपटॉपवर लिनक्स ही संगणक-प्रणाली मीच घातलेली. त्यामुळे परवा सकाळी ते म्हणाले, "सूनबाई, मोठ्या पडद्यावर काहीच दिसत नाही, आणि अकराला वर्ग आहे," तेव्हा मी हसलेच.

"बाबा, दहा मिनिटांचं काम!"

बाबांचं आयुष्य जमिनी मोजण्यात गेलं. निवृत्तीनंतर नकाशावाचनाचा हा त्यांचा पहिलाच ऑनलाइन वर्ग. साठ जणांनी नावं नोंदवलेली! नजर अधू, म्हणून लॅपटॉपला मोठा पडदा जोडलेला.

"ग्राफिक्सचा ड्रायव्हर जुना झालाय. नवा आणते," मी जाहीर केलं.

"कशाला? यांना कुठे जायचंय?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, गाडीचा नव्हे हो! पडद्यावर चित्र दाखवणारा प्रोग्राम!"

नवा ड्रायव्हर चढवला, लॅपटॉप पुन्हा सुरू केला. आता छोटा पडदासुद्धा तव्यासारखा काळाकुट्ट!

"मघाशी एकच बंद होता," बाबा शांतपणे म्हणाले.

साडेदहा! फोनवर उपाय शोधला, तीन बटणं एकदम दाबली आणि काळोखात पांढरी अक्षरं उगवली. पासवर्ड टाइप केला, तर एक अक्षर उमटेल तर शपथ!

"कीबोर्ड मेला!" मी किंचाळले. बाबा दुसरा कीबोर्ड घेऊन धावले. तोवर फोनवरच वाचलं, तिथे पासवर्ड दिसतच नसतो! मग नवा ड्रायव्हर हाकलला, जुना परत बसवला आणि डोळे मिटून लॅपटॉप सुरू केला.

दोन्ही पडदे उजळले! फक्त मोठ्यावरचं चित्र आडवं पडलेलं. आम्ही तिघांनी माना वाकड्या केल्या.

"उत्तर दिशा उजवीकडे गेली!" बाबा कळवळले.

सेटिंग उघडलं. माउस वर न्यावा तर बाण घाबरलेल्या खेकड्यासारखा बाजूला पळे! अखेर टिचकी बसली आणि उत्तर दिशा वर आली. अकराला एक मिनिट कमी होतं!

वर्ग काय रंगला म्हणता! शेवटी बाबा सगळ्यांना म्हणाले, "आजचा मान आमच्या सूनबाईंचा!" मी जागच्या जागी दोन इंच वाढले.

दुसऱ्या दिवशी बाबांचे एक जुने सहकारी लॅपटॉप घेऊन हजर. आमच्याच मोठ्या पडद्याला जोडून पाहिला. अंधार! अगदी तेच दुखणं. मी बाह्या सरसावल्या.

"काका, तासभर तरी लागेल हं!"

"लागू दे की. तोवर हा पडदा एकदा नुसता बंद करून चालू करून बघतो," म्हणत काकांनी पडद्याचं बटण दोनदा दाबलं.

पडदा लख्ख!

बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "सूनबाई, काल ड्रायव्हर आणायच्या आधी हे करून पाहिलं होतंस?"

मी फ्रिजमध्ये काहीतरी शोधायला निघून गेले.