पौषी पौर्णिमेचे पुनरुत्थान

जगाचा अंत ही व्यवस्थेवाचून पार पडण्यासारखी गोष्ट नव्हे. म्हणून बिहारच्या भूकंपानंतर नाशिकजवळच्या आमच्या ख्रिस्ती वस्तीने त्यासाठी एक मंडळ नेमले. अध्यक्ष याकोबराव, निवृत्त मास्तर.

शास्त्रात आहे की, शेवटच्या दिवसाआधी सूर्य काळा पडेल आणि चंद्र रक्तासारखा होईल. सूर्याची बाजू जरा कच्ची होती. पण श्रावणात आठवडाभर ऊन पडले नव्हते, ते मंडळाने एकमताने धरून घेतले. चंद्रासाठी पंचांग लागले. बाप्तिस्मा घेताना आमच्या वाडवडिलांनी पंचांग सोडले होते. मंडळाने ते नाशकातल्या भद्रकाली बाजारातून आणले आणि त्याला प्रार्थनापुस्तकाचे जुने वेष्टण घातले. (त्यानंतर कोणाची तक्रार आली नाही.) पौषी पौर्णिमेला, दिवेलागणीनंतर, खग्रास ग्रहण निघाले. मेलेल्यांचे उठणे त्याच वेळी ठरले.

पुढचे ठराव ओघानेच आले. विहिरीचा रहाट दुरुस्त करू नये. प्रार्थनामंदिराला चुना देऊ नये. कबरींवर नवे दगड बसवू नयेत, उठणाऱ्यांची गैरसोय होते.

माझी बायको वत्सला भाद्रपदात तापाने गेली. लहानू पाथरवटाने तिचे नाव कोरून दगड माझ्या दारात आणून ठेवला होता. मी अध्यक्षांकडे गेलो.

“मास्तर, एवढा एक बसवू द्या. नुसती माती आहे, पुढे जागाही ओळखू यायची नाही.”

“अरे शांतवन, पौषात बाई उठायच्या. छातीवर धोंडा कशाला ठेवतोस?”

“तुम्ही तर घरावर नवी कौलं घालताय.”

“ते आमच्या चिमणाबाईंमुळे. त्यांना गळकं घर चालत नाही.”

धोंड्याचे म्हणणे मात्र पटले. शेवटी शेवटी वत्सलाला पाण्याची कळशीही उचलत नव्हती.

पौर्णिमेला सगळी वस्ती कबरस्तानात जमली. गोदावरीवरून स्नान करणाऱ्यांचा गलका ऐकू येत होता. (ग्रहणात स्नान करणे ही अंधश्रद्धा आहे, असे याकोबरावांनी समजावून सांगितले.) चंद्र लाल झाला. एकजण तांबूस म्हणाला, त्याला गप्प बसवले. मी वत्सलाच्या चपला नेल्या होत्या. तिला अनवाणी पुरले होते आणि तिथून घरापर्यंत बाभळीचे काटे आहेत.

चंद्र पुन्हा पांढरा झाला. थंडी फार होती, मंडळी घरी गेली. चपला मी परत आणल्या.

दुसऱ्या दिवशी मंडळ बसले. अर्थ बरोबर लावला होता. दोष पंचांगाचा, ते शेवटी परक्यांचे. चैत्रात नवे पंचांग आणले, तर पुढल्या पौषातही ग्रहण निघाले. दगडाचा ठराव कायम राहिला.

पावसाळ्याआधी मी तो मोडला. लहानूला म्हटले, दगड बसव, पण चुना लावू नकोस.

“असा सुटा ठेवला तर कलंल की, दादा.”

“कलू दे. आतून एका माणसाला सरकवता आला पाहिजे.”

वाचकांनी आम्हांला खुशाल हसावे, हसण्यासारखेच आहे. फक्त आपल्या दाराशी कोणाच्या चपला अजून तशाच ठेवलेल्या असतील, तर त्या आधी टाकून द्याव्यात, मग हसावे.