नळाच्या पाण्याविषयी एक नैतिक उत्तर

पाणीपुरवठा कार्यालयाने नागरिकांच्या शंकांना लेखी उत्तरे देणारे यंत्र बसवले. यंत्र नीतिमान असावे म्हणून नीतिशास्त्र शिकवणाऱ्या मला समितीवर घेतले. तीस वर्षे मी वर्गाला झोपवण्याखेरीज काही केले नव्हते, त्यामुळे मी हुरळून गेलो.

पहिला प्रश्न माझ्या धाकट्या बहिणीचाच आला. तिच्या लेकीचे पोट तीन दिवस बिघडले होते. "नळाचं पाणी उकळून प्यावं का?" यंत्राने लिहिले, "हो, उकळा. वाहिनी फुटून गटाराचं पाणी मिसळलं आहे."

उत्तर बाहेर जाण्याआधी कार्यालयाच्या साहेबांनी ते रोखले.

"सर, हे नीतीत बसतं?"

"खरं आहे ते."

"पण लोक घाबरतील. घाबरवणं म्हणजे इजाच की."

मुद्दा बिनतोड होता. मी 'इजा टाळावी' हे तत्त्व जोडले. यंत्राने लिहिले, "पाणी उत्तम आहे." त्यावर समितीतल्या वकीलबाई म्हणाल्या, "हे धडधडीत खोटं आहे. खोटं बोलू नये, असं तुम्हीच लिहून दिलंय."

मग खरेही नाही आणि खोटेही नाही असे उत्तर शोधण्यासाठी चार बैठका झाल्या. अखेर मला स्वायत्तता सुचली. माणसाच्या घरातला निर्णय घेणारे यंत्र कोण? साहेबांनी माझी पाठ थोपटली. आठव्या दिवशी बहिणीला उत्तर गेले: "फार महत्त्वाचा प्रश्न विचारलात. उकळण्याला दोन्ही बाजू आहेत. तुम्हाला काय वाटतं?"

संध्याकाळी तिचा फोन आला.

"दादा, यंत्र गोड बोलतं रे. पण पोरीला दवाखान्यात सलाईन लावलंय, आणि आता धाकटा पाणी मागतोय. तू आहेस ना तिथे? सरळ सांग, उकळू का?"

मला फार वाईट वाटले. पण कामकाज गुप्त ठेवण्याचे मी लेखी दिले होते, आणि शब्द पाळणे हेही नीतीतच येते.

"तुला काय वाटतं?" मी विचारले.

फोन ठेवून मी बायकोला पातेले चढवायला सांगितले. आम्ही आठ दिवस उकळूनच पीत होतो.

आता तुम्ही मला नावे ठेवाल. खुशाल ठेवा. फक्त एवढेच सांगतो, आम्ही पहिले आणि शेवटचे अशी दोन्ही उत्तरे नागरिकांपुढे पसंतीसाठी ठेवली होती. 'हो, उकळा' हे शंभरात चौघांना आवडले. बाकीच्यांनी शेरा दिला, 'उद्धट वाटते.' तुम्ही त्या चौघांतले असाल, तर माझी काही तक्रार नाही.