होमरन क्रमांक १४३ चा झेल

थोर माणसाचं थोरपण त्याच्या हयातीत नीट जपता येत नाही, कारण तो स्वतः मध्येमध्ये येत असतो. ओहायोतल्या बेलफर्ड गावच्या 'बक टॉलिव्हर स्मृती व संशोधन मंडळा'ला हे सत्य स्थापनेपासून ठाऊक आहे. (बेसबॉलपटू टॉलिव्हर हयात आहेत. वय चौऱ्याऐंशी, मुक्काम गावाबाहेरचा वृद्धाश्रम, प्रकृती ठणठणीत. मंडळाने या गोष्टीशी जुळवून घेतलं आहे.)

मंडळ दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी ल्यूथरन चर्चच्या तळघरात भरतं. सभासद एक्केचाळीस. संग्रहात टॉलिव्हरांनी चघळलेले च्युइंगमचे सात गोळे आहेत, पैकी पाचांवर दातांच्या डॉक्टरांचं मत घेतलेलं आहे. जुन्या ड्रेसिंगरूममधलं संडासाचं झाकण आहे. बुटांच्या नाड्यांचा विभाग विशेष समृद्ध म्हणावा लागेल. टॉलिव्हरांनी कारकिर्दीत एकूण सोळा नाड्या वापरल्या, असं मंडळाच्या संशोधनातून सिद्ध झालं आहे, आणि त्यांपैकी तेवीस बेलफर्डमध्येच आहेत.

दरवर्षी ज्ञानपरीक्षा होते. पन्नास प्रश्न. बॅट हातात घेतल्यावर टॉलिव्हर टोपीला किती वेळा हात लावत? (तीन.) सामन्याआधी डब्यातल्या पीचच्या किती फोडी खात? (दोन. चार हे उत्तर १९६९ पुरतं ग्राह्य.) चार वर्षांपूर्वी हौसेने खुद्द टॉलिव्हरांनाच परीक्षेला बसवलं, तेव्हा त्यांना एकोणीस गुण पडले. जन्मगावाचा प्रश्नसुद्धा चुकला. त्यांनी आईने सांगितलेलं गाव लिहिलं होतं. मंडळाकडे दाखला होता. पंचवीसच्या खाली गुण मिळालेल्यांची साक्ष मंडळ धरत नाही, हा नियम त्यानंतरचाच.

या परीक्षेत सहा वर्षं पहिला येणारा माणूस म्हणजे व्हर्लिन होस्टेटलर. बत्तीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालेला, सरळमार्गी, स्वभावाने लोणी. त्याच्याकडे नाडी नव्हती, च्युइंगम नव्हतं. एक चेंडू होता. १९७१ च्या ऑगस्टमध्ये टॉलिव्हरांनी मारलेला एकशे त्रेचाळिसावा होमरन प्रेक्षकांत आला आणि व्हर्लिनच्या वडिलांनी तो उघड्या हाताने झेलला. करंगळी मोडली. व्हर्लिन तेव्हा नऊ वर्षांचा, बापाच्या मांडीला चिकटून बसलेला. वडील जन्मभर खाणीच्या कचेरीत वजनकाट्यापाशी बसले. त्यांच्या हातून जगात नोंद व्हावी असं घडलेलं हे एकच. चेंडू मंडळाच्या काचेच्या कपाटात जावा आणि खालच्या पाटीवर वडिलांचं नाव यावं, एवढीच व्हर्लिनची इच्छा होती. सहा वर्षं तो त्यासाठीच पहिला येत होता.

मंडळाकडे यासाठी नमुना सात आहे. त्यात चेंडूला दहापैकी गुण देतात. व्हर्लिनच्या चेंडूला चार मिळाले, कारण त्यावर पिवळा डाग होता. पुढे 'झेल घेणाऱ्याचं नाव' असा रकाना आहे. (नाव साक्षीपुरावा झाल्यावर भरायचं असतं; आधी भरलेलं खोडून मिळतं. व्हर्लिनला तीनदा खोडून मिळालं.) साक्षीदार हयात हवा आणि घरचा नको. व्हर्लिनने पुष्कळ विचार केला. मग गाडी काढून वृद्धाश्रमात गेला आणि टॉलिव्हरांनाच घेऊन आला.

अध्यक्षा अर्लीन प्रुइट यांनी सत्तावीस वर्षं वाहन परवाना कचेरीची खिडकी सांभाळली होती. साक्षात देव परवान्याला आला असता तरी त्यांनी त्याला चष्म्याबद्दल विचारलं असतं. त्यांनी टॉलिव्हरांपुढे चेंडू ठेवला आणि होमरनची तारीख विचारली.

"तारीख कुठली आठवायला, बाई," टॉलिव्हर म्हणाले. "पण झेलणारा माणूस आठवतो. एका हातात हॉटडॉग. तो सोडला नाही पठ्ठ्याने, त्याच हाताने झेल घेतला. मोहरीची चटणी उडाली ती त्याच्या टोपीवर, पोराच्या डोक्यावर. मी धावायचं सोडून बघत राहिलो, मॅनेजर ओरडला माझ्यावर." मग ते व्हर्लिनकडे वळले. "बोट बरं झालं का रे त्याचं?"

"वाकडंच राहिलं," व्हर्लिन म्हणाला. "शेवटपर्यंत." हॉटडॉगबद्दल त्याने आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं.

अर्लीनबाईंनी दप्तर चाळलं. चटणीबाबत मंडळाकडे नोंद उपलब्ध नव्हती. शिवाय साक्षीदाराचे गुण एकोणीस.

"नियम म्हणजे नियम, व्हर्लिन. आज यांचं ऐकलं तर उद्या कोणीही येऊन सांगेल, मी टॉलिव्हर आहे म्हणून."

"पण हे आहेतच की टॉलिव्हर."

"त्यावर वाद नाही रे," अर्लीनबाई समजुतीने म्हणाल्या. "प्रश्न माहितीचा आहे."

टॉलिव्हरांना कंटाळा आला असावा. त्यांनी टेबलावरचा चेंडू उचलला, बोटांत फिरवून पाहिला आणि "घे रे पोरा" म्हणत कॉफीच्या पिंपावरून सरळ व्हर्लिनकडे फेकला. व्हर्लिनने तो छातीशी धरला. अर्लीनबाईंनी कोरा नमुना सात काढला.

पुढचं काम अकरा मिनिटांत उरकलं. टॉलिव्हर यांनी चर्चच्या तळघरात फेकलेला जगातला एकमेव चेंडू. साक्षीदार चौदा, सगळे पंचवीसच्या वर. गुण नऊ, डागासकट. झेल घेणाऱ्याचं नाव: व्हर्लिन होस्टेटलर. व्हर्लिनने अर्ज केला की तिथे वडिलांचं नाव घाला. अर्लीनबाईंनी विचारलं, वडील आज हजर होते का? ते नऊ वर्षांपूर्वी वारले होते. टाळ्या झाल्या, डोनट वाटले गेले, सगळ्यांनी पाठ थोपटली आणि व्हर्लिनने सही केली. माणूसच तो. टॉलिव्हरांना पोहोचवायला जाताना मात्र त्याचा डोनट गाडीत तसाच पडून राहिला.

आता चेंडू कपाटात आहे. लोक येतात, पाटी वाचतात, पाटीचा फोटो काढतात आणि कॉफीकडे वळतात. त्यांना खुशाल हसा. पण तुम्ही आज परीक्षेला बसलात तर पीचच्या फोडी, टोपीचे हात आणि नाड्यांचा आकडा धडाधड लिहाल, आणि ज्याची करंगळी मोडली त्या माणसाचं नाव विचारावंसं तुम्हालाही एकदा वाटलं नाही.

एल्डन. (पुरावा नाही.)